हललेला शिपाई

फोटो काढताना मुकुंदभाई विजयकरांनी "हसा" असं कुणाला कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते एवढंच म्हणायचे, "हलू नका." तेही दरडावून नाही, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तितक्या हळू. पण त्या आवाजात असं काही होतं की रडणारी पोरंसुद्धा गप्प होऊन कॅमेऱ्याकडे बघत राहायची. मग भाई लेन्सवरचं झाकण काढायचे आणि मोजायला लागायचे, "एक रामराया, दोन रामराया, तीन रामराया." झाकण परत बसलं की समोरची माणसं श्वास सोडायची. भाईंच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्याचा भाव कधी दिसायचा नाही. काच धुऊन हातात येईपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसायचा.

मी त्यांच्याकडे नोकरीला लागले तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता. गिरगावातल्या भिंती डांबराने लिहिलेल्या घोषणांनी भरल्या होत्या. मोर्चा निघाला की ट्राम बंद पडायची आणि मला परळपर्यंत पायी जावं लागायचं. स्टुडिओ ठाकुरद्वारच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या छपराला काचा बसवलेला. खालच्या मजल्यावर विजयकरांचं बिऱ्हाड. इतर स्टुडिओवाल्यांकडे तेव्हा झगझगीत बल्ब आले होते. भाई आपले छपरातून येणाऱ्या उजेडावर आणि वडिलांच्या वेळच्या पेटी कॅमेऱ्यावर अडून बसलेले. मी एकदा बल्बांचा विषय काढला तर म्हणाले, "विजेच्या उजेडात माणूस दचकतो. दचकलेल्या माणसाचा फोटो काढून काय करायचं?"

माझं काम रिटचिंगचं. फोटो आधी काचेवर यायचा आणि काचेवर सगळं उलटं असायचं. गोरा माणूस काळा, काळे केस पांढरे, डोळ्यांच्या जागी दोन उजळ ठिपके. ती काच तिरक्या मेजावर लावायची, खालून आरशाने उजेड पाडायचा आणि टोकदार पेन्सिलने देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्यांखालची वर्तुळं घालवायची. जास्तीचं काही असेल तर चाकूच्या टोकाने खरवडून काढायचं. हे सगळं भाईंनी मला शिकवलं. "पेन्सिल ओढू नकोस, टेकव. स्वल्पविराम काढतेस असं समज," असं सांगून पहिले दोन महिने त्यांनी माझ्याकडून नुसते स्वल्पविराम काढून घेतले. मी डावखुरी. माझे स्वल्पविराम उलट्या बाजूला कलायचे. त्यावर ते म्हणाले होते, "कलू देत. तुझी सही समज ती."

त्यांचा एकच नियम मला सुरुवातीला कळला नव्हता. मुरूम, व्रण, सुरकुत्या, काय हवं ते पुसा, पण फोटोत जो माणूस हलला असेल त्याच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. आठ-दहा माणसांच्या फोटोत एखादा हलायचाच. त्याचा चेहरा पाण्यात पडलेल्या शाईसारखा पसरायचा. मला ते सहज नीट करता आलं असतं. मी तसं म्हटलंही.

"जो हलला तो हलला," भाई म्हणाले. "त्याला आपण धरून ठेवू नये."

मला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी कलाकारी अट असेल. मग लालबागचं एक कुटुंब आलं. नवं लग्न झालेलं, घरातली सगळी माणसं झाडून आलेली. काच धुतल्यावर पाहिलं, तर मागच्या रांगेतले नवरदेवाचे काका हलले होते. बाकी सगळे खणखणीत. भाईंनी ती काच खूप वेळ उजेडाला धरली. फोटो तयार झाल्यावर त्यांनी तो न्यायला कुणाला बोलावलं नाही. टोपी घातली आणि स्वतः लालबागला जाऊन देऊन आले. एवढ्याशा कामासाठी मालकाने जायचं काय कारण, म्हणून मी विचारलं. "सहज. पाहून आलो त्यांना. चहा घेतला बरोबर बसून. चांगला माणूस आहे," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

सहा-सात महिन्यांनी तोच नवरदेव डोकं भादरलेला असा जिना चढून आला. काकांचा दुसरा फोटोच नव्हता. त्या ग्रुपमधून त्यांचा चेहरा मोठा करून हवा होता, भिंतीवर लावायला. हजारभर काचा असलेल्या त्या कपाटातून भाईंनी ती काच न शोधता काढली. ती वेगळी, हाताशी ठेवलेली होती. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला हे सांगितलं. आई मालवणची. तांदूळ निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "गो बाय, नोकरी कर, पण त्या म्हाताऱ्याक तुझो फोटो काढूक देव नको हां." मी हसले. पण आईचं ऐकलं हेही खरं.

आता शिपायांबद्दल सांगायला हवं, कारण भाई म्हटलं की मला आधी ते शिपाई आठवतात.

भाईंचे वडील फोर्टात एका इंग्रज कंपनीत कारकून होते. तिथला कुणी साहेब विलायतेला परत जाताना शिशाच्या शिपायांची पेटी देऊन गेला. करंगळीएवढे शिपाई, लाल डगले, काळ्या उंच टोप्या. भाईंनी तरुणपणी ते डगले खरवडून काढले आणि त्यांना पगड्या, अंगरखे, कमरबंद चढवले. तिथवर ठीक होतं. दिवाळीत पोरं किल्ल्यावर मावळे ठेवतात, तशातलाच प्रकार. पण भाईंनी त्या शिपायांना चेहरे दिले ते घरच्या माणसांचे. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चेहऱ्यावर आत्याचं वाकडं नाक, थोरल्या चुलत्यांच्या भुवईवरचा तीळ, कुणाचा पुढे आलेला दात. बायकाही शिपाईच. नथ घातलेल्या, हातात तलवार. खारीच्या केसांचा कुंचला घेऊन ते रंगवायला बसले की माणसाकडे असं टक लावून बघायचे की समोरच्याला घास गिळवू नये. आणि माणूस बदलला की शिपाई बदलायचा. कुणाचे केस पिकले की दसऱ्यानंतर त्याच्या शिपायाचेही पिकायचे.

दिवाळीच्या पाडव्याला जेवणं झाली की सगळं घर वर स्टुडिओत जमायचं आणि लढाई व्हायची. राजवाडा आणि तळं रंगवलेला एक जुना पडदा जमिनीवर अंथरायचा. त्याच्याखाली पुस्तकं सारून डोंगर करायचे. शिपाई सुतळीने मोजून पुढे सरकवायचे आणि स्प्रिंगच्या पितळी तोफेतून सुके वाटाणे उडवायचे. पडलेला शिपाई पुन्हा उभा करायचा नाही, आणि ज्याचा शिपाई पहिला पडेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. एका बाजूला भाई सेनापती, दुसऱ्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ यशवंतराव. भाईंचा मुलगा अरविंद सांगायचा की एरवी मुंगीला न दुखावणारा हा माणूस लढाईत कसायासारखा वागायचा. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या सत्तरीतल्या आईचा शिपाई पहिल्याच वाटाण्याला पाडला होता. आजी शिव्या देत उठली आणि चहा करून आली. हरलेले भाई कुणी पाहिले नव्हते.

पण लढाईच्या आधी हजेरी असायची. दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी भाई सगळ्या शिपायांना एका ओळीत उभं करून त्यांचा फोटो काढायचे. मधोमध ते आणि यशवंतराव शेजारी शेजारी, दोन्ही बाजूंना बाकीचे. त्या फोटोची एकेक प्रत नातेवाइकांना पोचती व्हायची. तेच आमंत्रण. चिठ्ठी नाही, निरोप नाही. फोटो आला म्हणजे पाडव्याला यायचं. फोटो आला नाही म्हणजे त्या वर्षी लढाई नाही.

"फोटो न यायला काय होतं?" असं मी अरविंदला एकदा विचारलं. तो बँकेत होता, चळवळीत होता, तोंडाने फटकळ. त्या दिवशी मात्र घुटमळला.

"शिपाई हलला तर फोटो जात नाही," तो म्हणाला.

"शिशाचा शिपाई कसा हलेल?"

"ते मला नको विचारूस. आईचा हलला होता. मी कॉलेजात होतो तेव्हा. बाकी सगळे स्वच्छ आणि मध्येच आईचा पुसल्यासारखा. भाई हसले. म्हणाले, ट्रामने घर हादरलं असेल. फोटो पाठवले, लढाई खेळलो, आईनेच चहा केला. होळीच्या आत आई गेली."

ट्रामने घर हादरायचं हे खरंच आहे. पण घर हादरलं तर सगळी ओळ हलेल. एकच शिपाई कसा हलेल, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

त्या वर्षी चैत्रात अरविंद सत्याग्रहात पकडला गेला. यशवंतराव सचिवालयात बऱ्या हुद्द्यावर होते, दादरला राहायचे. गोल चेहऱ्याचे, नेमस्त, ढगाचं चिन्ह नसलं तरी छत्री घेऊन फिरणारे. ते भावाला भेटायला स्टुडिओत आले तेव्हा मी मेजावर काम करत होते. भाईंनी त्यांना वरच्या कुणाला तरी शब्द टाकायला सांगितलं.

"भाई, नियमाने होईल ते होईल," यशवंतराव म्हणाले. "मी शब्द टाकला तर माझ्यावरच बालंट येईल. आणि पंधरा दिवसांत सुटेल तो."

"तुझा पुतण्या आहे रे."

"म्हणूनच टाकता येत नाही."

भाई कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. "हलू नका" म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "तू माझा भाऊ नाहीस. तू त्यांचा कारकून आहेस."

यशवंतराव थोडा वेळ उभे राहिले आणि जिना उतरून गेले. छत्री दाराशी खुंटीवर राहिली. अरविंद पंधरा दिवसांनी सुटूनही आला. पण पावसाळा आला आणि गेला, छत्री तिथेच. तिच्यावर धूळ बसली, तरी तिला हलवायची कुणाची छाती नव्हती. भाई येता-जाता तिच्याकडे बघायचे. स्वतः दादरला जाऊन दोन शब्द बोलून यावं, हे त्यांना सुचलं नसेल असं नाही. पण विजयकरांच्या घरात एकदा तोंडातून गेलेलं तोंडाने परत घ्यायची पद्धत नव्हती. मला त्यांचा राग यायचा. आमच्या चाळीत सकाळी भांडलेल्या बायका संध्याकाळी एकमेकींकडून विरजण मागतात.

दसऱ्यानंतर त्यांनी कुंचला काढला. बाकीचे शिपाई जिथल्या तिथे राहिले. यशवंतरावांचा मात्र त्यांनी तीनदा रंगवला, तीनदा खरवडला. चौथ्यांदा रंगवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला फोटो मिळाला म्हणजे कळेल, ओळीत माझ्या शेजारी त्याची जागा आहे. मग तो येईल. यायलाच हवा. कुसुम, मला एक वाक्य परत घ्यायचंय."

माझ्याशी ते इतकं कधी बोलले नव्हते. मी मान खाली घालून स्वल्पविराम काढत राहिले.

रविवारी हजेरी झाली. काळ्या कापडावर एकवीस शिपाई. सगळ्यांचे चेहरे स्वच्छ यावेत म्हणून भाई लेन्सचं छिद्र बारीक करायचे, त्यामुळे उजेड जास्त वेळ आत घ्यावा लागायचा. खिडक्या बंद होत्या. वारा नव्हता. भाई वाकले आणि त्या शिशाच्या बाहुल्यांना, खऱ्या माणसांना सांगावं तसं, म्हणाले, "हलू नका." झाकण निघालं. एक रामरायापासून आठ रामरायापर्यंत मोजताना मी दाराला टेकून उभी होते, आणि मीही श्वास धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच सुकून माझ्या मेजावर आली. मी आरसा फिरवला. वीस शिपाई सुईच्या टोकासारखे. यशवंतरावांचा चेहरा पसरला होता.

मी भिंग लावून पाहिलं, भिंग काढून पाहिलं. पगडी ठाम, तलवार ठाम, पाय ठाम. फक्त चेहरा कुणीतरी हाक मारल्यावर वळावा तसा वळलेला. भाई खाली अंघोळीला गेले होते. ते वर येऊन काच बघणार, फोटो जाणार नाहीत, लढाई होणार नाही, आणि ती छत्री आणखी एक वर्ष खुंटीवर राहणार. मी खुंटीकडे पाहिलं आणि पेन्सिल उचलली. पसरलेलं चाकूच्या टोकाने खरवडलं. मग शेजारच्या भाईंच्या शिपायावरून नाकाचा अंदाज घेतला, भावांचं नाक सारखंच होतं, आणि टेकवत टेकवत चेहरा परत बसवला. भाईंचा नियम मी एकदाच मोडला, तो असा.

भाई आले. काच उजेडाला धरली. नेहमी धरायचे त्याहून जास्त वेळ धरली असं मला वाटलं, पण चोराला तसं वाटतंच. मग म्हणाले, "चांगली आलीय. आजच छापू."

पाडव्याला यशवंतराव आले. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या तेव्हा स्टुडिओत सगळे एकदम बोलायचे थांबले. ते आत आले, खिशातून फोटो काढला आणि भाईंना म्हणाले, "यंदा माझे गाल जरा जास्तच फुगवलेस."

"आहेत तेवढेच काढले," भाई म्हणाले. "बस. जेवलास का?"

"घरून जेवून आलो."

"भानोलं ठेवलंय तुझ्यासाठी. कोलंबीचं. खाल्ल्याशिवाय तोफेला हात लावायचा नाही."

झालं एवढंच. वाक्य परत घ्यायचं होतं ते बहुधा याच्यातच कुठेतरी घेतलं गेलं. यशवंतरावांनी ताटली पुसून भानोलं खाल्लं आणि अरविंदच्या पाठीत गुद्दा घातला. "सुटलास ना वेळेवर? मी म्हटलं नव्हतं?"

त्या वर्षी पहिल्यांदा मलाही बसायला सांगितलं होतं. मी लढाई पाहिली. भाईंचा कसाई होतो असं जे ऐकलं होतं ते मला काही दिसेना. तोफ त्यांच्या हातात आली की नेम चुकायचा. यशवंतरावांचा शिपाई उघड्यावर आला, अगदी तळ्याच्या काठावर, कुणीही पाडला असता. भाईंनी वाटाणा मारला तो राजवाड्याच्या पायरीला. दुसरा त्याहून लांब. त्यांनी स्वतःचा शिपाई कारण नसताना डोंगराआडून पुढे आणला आणि यशवंतरावांनी तो पाडला. मुकुंदभाई विजयकर हरले. सगळ्या घराने टाळ्या वाजवल्या. यशवंतराव तर लहान मुलासारखे मांडी थोपटत हसत होते. अरविंद माझ्या कानात म्हणाला, "म्हातारे झाले ग भाई." मी भाईंकडे पाहिलं. ते भावाकडे बघत होते. शिपाई रंगवताना बघायचे तसे, टक लावून.

जाताना यशवंतरावांनी खुंटीवरची छत्री घेतली, झटकली, म्हणाले, "किती धूळ बसवलीस रे," आणि काखेत मारून जिना उतरले.

पौष संपायच्या आत ते गेले. कचेरीत दुपारचा डबा खाल्ला, खुर्चीत डोळे मिटले, चार वाजता शिपाई चहा घेऊन आला तेव्हा संपलेले होते. कुठे धावपळ नाही, दुखणं नाही.

तेरावा होईपर्यंत मी कशीबशी थांबले. मग कपाटातून ती काच काढली आणि भाईंच्या पुढे ठेवली. मी म्हटलं, "भाई, हे हलले होते. मी हात लावला. लढाई झाली ती माझ्यामुळे."

भाईंनी काच उचललीसुद्धा नाही.

"बस," ते म्हणाले. "कुसुम, या मुंबईत डाव्या हाताने स्वल्पविराम काढणारी तू एकटी. मी शिकवलेला हात मला कळणार नाही?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझी पेन्सिल पाहिली तेव्हाच."

"मग फोटो का पाठवलेत?"

ते छपराच्या काचांकडे बघत राहिले. "अरविंदच्या आईच्या वेळी खेळलो आणि ती गेली. मग माझ्या आईचा शिपाई हलला तेव्हा मी लढाई बंद ठेवली. वाटलं, अडवता येईल. अरविंदला कारण सांगितलं नाही, म्हटलं, बरं नाही मला; त्याने ओळखलं असणार. आई मार्गशीर्षात गेली. आणि फोटो नाही म्हणून त्या पाडव्याला घर जमलं नव्हतं. मुलंबाळं शेवटची भेटलीच नाहीत तिला." मग थांबून म्हणाले, "खेळ झाला नसता तरी यशवंता गेला असता. पण छत्री इथेच ठेवून गेला असता."

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला त्या माणसाची भीती वाटली. भाऊ जाणार हे कळूनही याने त्याला भानोलं वाढलं, त्याच्याशी हसला, त्याच्याकडून हरला, आणि चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलू दिली नाही. आणि त्याच क्षणी मला त्यांचा इतका कळवळा आला की मी तिथेच रडायला लागले. भाईंनी मला रडू दिलं. शेवटी एवढंच म्हणाले, "पुन्हा मात्र हात लावू नकोस."

पुढच्या दिवाळीला घरात सण नव्हता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात महाराष्ट्र झाला. गिरगावभर दिवे लागले, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती, अरविंदचा तर आवाजच बसला होता. भाई गॅलरीतून गर्दी बघत म्हणाले, "आले एकदाचे सगळे एका ओळीत." जरा वेळाने पुढे म्हणाले, "आता उभे राहतात का बघू." ते गमतीने म्हणाले की कसं, हे भाईंच्या बाबतीत कधीच सांगता यायचं नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर पेटी पुन्हा निघाली. यशवंतरावांचा शिपाई त्यांनी कापसात गुंडाळून पेटीतच ठेवला. ओळीत त्याची जागा मोकळी सोडली. आणि दुसऱ्या टोकाला एक नवा शिपाई उभा केला. डाव्या हातात भाला धरलेला, कपाळावर माझ्यासारखी कुंकवाची आडवी चीर. आईचं सांगणं एवढी वर्षं पाळलं होतं, ते असं मोडलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

भाईंची नजर तोवर अधू झाली होती. काच मीच धुतली, सुकवली, मेजावर लावली. खोटं कशाला बोलू, मी आधी माझा शिपाई पाहिला. भाला धरून खणखणीत उभी होते मी. मग अरविंद, मग त्याची आत्या, मग एकेक करत मध्यापर्यंत आले आणि थांबले.

भाई मागे स्टुलावर बसले होते. "सांग," ते म्हणाले.

"तुम्ही हललात, भाई."

मग त्यांनी जे विचारलं ते मला सुचलंही नसतं. "कुठल्या बाजूला?"

काचेवर डावं-उजवंही उलटं दिसतं. मी काच पालटून खात्री करून घेतली. त्यांचा चेहरा डावीकडे पसरला होता, त्या मोकळ्या सोडलेल्या जागेकडे.

"डावीकडे."

"मग ठीक आहे," भाई म्हणाले. "तिथे जागा आहे."

मेजावर पेन्सिल होती. मी ती उचलली नाही. त्यांनी तो फोटो तसाच छापला आणि घरोघर पाठवला. पाडव्याला आत्या म्हणाल्या, "भाई, सगळ्यांचे चांगले काढलेस आणि तुझाच बिघडवलास की रे." भाई म्हणाले, "न्हाव्याची हजामत कोण करतो?" सगळे हसले. अरविंद हसला नाही. त्याने फोटोकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोफ पुसायला घेतली.

त्या दुपारी भाईंनी कुणाला म्हणजे कुणाला सोडलं नाही. नजर अधू, पण वाटाणा असा बसत होता की शिपाई दोन वीत उडत होते. अरविंदचा शिपाई पहिल्या वाटाण्याला पाडला आणि त्याला चहा करायला पिटाळलं. माझा दुसऱ्याला पाडला. मी कुरकुरले तर म्हणाले, "लढाईत आलीस ना? मग पडायचं." शेवटी पडद्यावर त्यांचा एकटा शिपाई तळ्याकाठी उभा राहिला. तो पाडायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

फेब्रुवारीत ते गेले तेव्हा मी आईच्या दुखण्यासाठी मालवणला होते. तार मिळाली ती चार दिवसांनी. त्यामुळे माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्या पाडव्याचंच.

ऊन कलायला लागलं होतं. मी चपला घातल्या, "येते, भाई" म्हटलं आणि जिना उतरायला लागले. माणूस गेल्यावर दारात उभं राहायची त्यांची सवय नव्हती. पण वळणावर मागे पाहिलं तर ते चौकटीत उभे होते. एक हात चौकटीवर, पाठ ताठ, मागून छपराच्या काचांचा उजेड. फोटोला बसणाऱ्या माणसांना ते शिकवायचे तसा श्वास अर्धा सोडून धरलेला. माझ्याकडे बघत होते की माझ्या पलीकडे, ते उजेडामुळे कळेना. का ते सांगता येणार नाही, पण मी मनातल्या मनात मोजायला लागले. एक रामराया, दोन रामराया.

आठपर्यंत मोजलं. ते हलले नाहीत.